‘तरल’, ‘धीट’ आणि पान क्रमांक : हौशी अभिप्रायकारांना खुलं पत्र

प्रति,
लेखिकांची पुस्तकं वाचून त्यांवर चार ओळी लिहिणारे सर्व हौशी वाचक

विषय : अभिप्राय कुठे फसतात याबद्दल

स. न. वि. वि.

‘गेल्या दोन महिन्यांत वाचलेली पाच पुस्तकं, पाचही लेखिकांची’ अशा धर्तीचे तुमचे अभिप्राय आम्ही नेमाने वाचतो. संपादन, ग्रंथालय आणि अनुवाद अशा कामांत असल्यामुळे ते वाचावे लागतात आणि आवडीनेही वाचले जातात. पुस्तक मागायला येणारा माणूस समीक्षेचा ग्रंथ पालथा घालून येत नाही, तुमच्या चार ओळी वाचून येतो. म्हणूनच या चार ओळींबद्दल थोडं खडूसपणे लिहीत आहोत. अभिप्राय फसण्याच्या जागा ठरलेल्या असतात, आणि पुस्तक लेखिकेचं असलं की त्या वाढतात.

आधी एक सोपी चाचणी. लिहून झालं की पुस्तकाचं आणि लेखिकेचं नाव बोटाने झाका आणि उरलेला मजकूर वाचा. तो दुसऱ्या एखाद्या पुस्तकाला जसाच्या तसा चिकटत असेल, तर अभिप्राय अजून लिहून झालेला नाही. ‘खिळवून ठेवणारं’, ‘अंतर्मुख करणारं’, ‘अप्रतिम’ हे शब्द कशालाही चिकटतात. लेखिकांसाठी मात्र आपण दोन खास डबे राखून ठेवले आहेत. एकात तरल, हळुवार, उत्कट, स्त्रीसुलभ. दुसऱ्यात धीट, बोल्ड, बंडखोर. पहिल्या डब्यातले शब्द सुचवतात की लेखिकेने काही केलं नाही, तिच्या हातून ते आपसूक झालं. दुसऱ्या डब्यातल्या शब्दांना पुस्तकाशी देणंघेणं नसतं, बाईने हे लिहिलं याचंच त्यांना नवल असतं. तेच दृश्य पुरुषाने लिहिलं असतं तर तुम्ही ‘धीट’ म्हणाला असतात का, एवढं स्वतःला विचारलं की निम्मे शब्द गळून पडतात.

‘सहज उतरलेलं’ हा शब्दप्रयोग तर विशेष फसवा. ॲन फ्रँकच्या डायरीवरचे अभिप्राय पाहा. ‘निरागस’, ‘जसं सुचलं तसं लिहिलेलं’ हे ठरलेलं. प्रत्यक्षात मार्च १९४४ मध्ये लंडनहून डच रेडिओवर आवाहन झालं की लोकांनी युद्धकाळातल्या डायऱ्या आणि पत्रं जपून ठेवावीत. ते ऐकल्यावर या मुलीने आपली डायरी छापण्याच्या इराद्याने सुट्या कागदांवर नव्याने लिहायला घेतली. काही गाळलं, काही जोडलं, माणसांना टोपणनावं ठरवली. म्हणजे मूळ डायरी एक, तिने स्वतः संपादित केलेला खर्डा दुसरा, आणि वडिलांनी या दोहोंतून जुळवून १९४७ साली डच भाषेत छापलेलं पुस्तक तिसरं. पुढे १९९० च्या दशकात जी वाढीव आवृत्ती आली, तिच्यात आधी गाळलेला बराच मजकूर परत घेतला गेला. पंधराव्या वर्षी स्वतःच्या मजकुराला कात्री लावणाऱ्या लेखिकेला ‘निरागस’ म्हणणं हे कौतुक खरं, पण तिच्या कामावर पाणी ओतणारं.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. पुस्तक उघडल्यावर पहिलं प्रकरण नव्हे, शीर्षकपानाची मागची बाजू वाचा. तिथून पाच गोष्टी टिपून घ्या : मूळ प्रकाशनाचं वर्ष, हातात असलेली आवृत्ती (पुनर्मुद्रण असेल तर तसं, आवृत्तीत मजकूर बदललेला असू शकतो, पुनर्मुद्रणात सहसा नसतो), मूळ भाषा, अनुवादकाचं नाव, आणि पुस्तक संक्षिप्त आहे की संपूर्ण. याला दोन मिनिटं लागतात. ती वाचवली तर काय होतं? सिमोन द बोव्हुआर यांचं ‘द सेकंड सेक्स’ फ्रेंचमध्ये १९४९ साली दोन खंडांत आलं. त्याचा पहिला इंग्रजी अनुवाद १९५३ चा, तो एका प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाने केला आणि त्यात मजकूर बराच कापला गेला. इतिहासाच्या भागातली अनेक स्त्रियांची नावं त्या कात्रीत गेली. संपूर्ण नवा इंग्रजी अनुवाद यायला २००९ साल उजाडलं. ‘इतिहासाचा भाग त्रोटक वाटला’ असं कोणी लिहिलं तर पहिला प्रश्न हाच की प्रत कुठली होती. मराठीतून वाचत असाल तर मराठी अनुवाद कुठल्या प्रतीवरून झाला तेही पाहा, कारण गळती खालच्या मजल्यापर्यंत येते.

कादंबऱ्याही याला अपवाद नाहीत. मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ साली लेखिकेच्या नावाशिवाय छापली गेली आणि १८३१ साली त्यांनीच ती बदलली. आधीच्या आवृत्तीत एलिझाबेथ ही नायकाची आतेबहीण आहे, नंतरच्या आवृत्तीत ती सांभाळायला घेतलेली परकी मुलगी. दोन वाचक दोन वेगळ्या प्रती वाचून ‘तू नीट वाचलंच नाहीस’ म्हणून भांडू शकतात आणि दोघंही बरोबर असतात. एमिली डिकिन्सनच्या कविता हातात असतील तर एकच खूण बघा : कवितांना शीर्षकं आहेत आणि ओळींतल्या आडव्या रेघा जवळपास नाहीत, तर ते १८९० च्या सुमाराच्या संपादकांचं काम आहे. त्यांनी तिच्या मृत्यूनंतर विरामचिन्हं सरळ केली, यमकं जुळवली, शीर्षकं चिकटवली. तिच्या रेघा परत घेऊन सगळ्या कविता एकत्र छापायला १९५५ साल लागलं. ‘कविता गुळगुळीत वाटतात’ ही तक्रार मग कोणाच्या खात्यावर मांडायची?

आता नावांबद्दल. एकाच अभिप्रायात ‘नेमाडे म्हणतात’ आणि ‘गौरी म्हणते’ असं शेजारी शेजारी लिहिलेलं वरचेवर दिसतं. लेखकाला आडनाव आणि आदरार्थी बहुवचन, लेखिकेला पहिलं नाव आणि एकवचन. कोणी म्हणेल, ही जवळीक आहे. असेलही. पण पु. ल. आणि जी. ए. यांच्याबद्दल जवळीक वाटली तरी क्रियापद ‘म्हणतात’ असंच राहतं. नियम अमुकच हवा असा आमचा हट्ट नाही; ‘दुर्गाबाई’ म्हणा, ‘भागवत’ म्हणा, एकेरी लिहा नाहीतर आदरार्थी. एका मजकुरात सगळ्यांना एकच माप लावा, इतकंच. आणि ‘स्त्री-लेखिका’ हा शब्द कृपया सोडून द्या. लेखिका म्हटल्यावर स्त्री आलीच.

टोपणनावांत तर खड्डेच खड्डे. १८११ साली जेन ऑस्टिनच्या पहिल्या छापील कादंबरीवर नाव नव्हतं, फक्त ‘एका स्त्रीकडून’ एवढंच होतं. १८४७ साली ब्राँटे भगिनी पुरुषी वाटतील अशा नावांनी छापून आल्या. मराठीत ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने आलं आणि लिहिणारी व्यक्ती कोण यावरून वादळ उठलं. त्या होत्या मालतीबाई बेडेकर, लग्नाआधीच्या बाळूताई खरे. त्यांनी मालतीबाई बेडेकर या नावानेही लेखन केलं आहे. अशा लेखिकेची पुस्तकं शोधताना एकाच नावाखाली शोधलंत तर अर्धी यादी हाती लागते, आणि मग ‘त्यांनी पुढे फारसं लिहिलं नाही’ असं चुकीचं वाक्य जन्माला येतं. लग्नाने आडनाव बदललेल्या सगळ्याच लेखिकांबाबत हा धोका आहे. दोन्ही नावांनी शोधा.

‘पहिली’ हा शब्दही पारखून घ्या. दुर्गा भागवतांचं १९७५ चं कराडचं अध्यक्षीय पद इतकं गाजलं की साहित्य संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष म्हणून त्यांचंच नाव हातून लिहून जातं. त्यांच्या आधी १९६१ साली ग्वाल्हेरच्या संमेलनात कुसुमावती देशपांडे अध्यक्ष होत्या. असं एक चुकीचं ‘पहिली’ लिहिलं गेलं की पुढचे दहा अभिप्राय ते उचलतात.

सर्वांत जास्त गोंधळ ‘मी’चा होतो, आणि मराठीत तो इंग्रजीपेक्षा जास्त होतो, कारण आपलं क्रियापद लिंग सांगून टाकतं. ‘मी गेले’ म्हटलं की निवेदक स्त्री ठरते, वर लेखिकेचं नाव असतं, आणि वाचक दोघींना एकच समजून मोकळा होतो. मग अभिप्रायात ‘लेखिकेच्या नवऱ्याने तिला समजून घेतलं नाही’ असं वाक्य येतं, आणि पुस्तक असतं कादंबरी! यावर उपाय सोपा आहे. कादंबरी-कथेवर लिहिताना ‘निवेदक’ किंवा पात्राचं नाव वापरा. ‘लेखिका’ हा शब्द फक्त रचनेबद्दल बोलताना. ‘निवेदक स्वतःशी खोटं बोलते, आणि लेखिका ते आपल्याला तिसऱ्या प्रकरणात दाखवून देते’ या वाक्यात दोघी वेगळ्या झाल्या आणि कामाची वाटणीही कळली. अनुवादात आणखी एक पेच असतो. जेनेट विंटरसन यांच्या १९९२ च्या ‘रिटन ऑन द बॉडी’ या कादंबरीत निवेदक स्त्री की पुरुष हे शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. इंग्रजीत ते निभतं. मराठी अनुवादकाला पहिल्याच भूतकाळी वाक्यात ‘गेलो’ की ‘गेले’ हे ठरवावं लागेल किंवा अख्खं पुस्तक त्या वाक्यांना वळसे घालत न्यावं लागेल.

आत्मकथनात प्रश्न वेगळे. तिथे ‘मी’ म्हणजे लिहिणारी व्यक्तीच, पण पुस्तक कोणाबद्दल आहे ते सर्वनामं मोजून बघावं लागतं. बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आलं. शीर्षकातलाच शब्द ‘आमुचं’ आहे, माझं नाही. त्यात वस्तीचं, सणवारांचं, भुकेचं, सासुरवासाचं, आंबेडकरी चळवळीने आलेल्या बदलाचं वर्णन आहे आणि लेखिकेचं खाजगी आयुष्य मुद्दाम मागे ठेवलेलं आहे. ‘लेखिकेबद्दल फारसं कळत नाही’ अशी तक्रार करणारा वाचक गज घेऊन दूध मोजायला बसला आहे. माया पंडित यांच्या २००८ च्या इंग्रजी अनुवादाचं शीर्षक मूळ शब्दांपासून लांब गेलं आहे, तुरुंग फोडल्याची प्रतिमा त्यात आली आहे, पण ‘आम्ही’ तिथेही टिकला आहे. असा शब्द शीर्षकात दिसला की तिथेच पेन्सिलीची खूण करावी.

पेन्सिलीवरून आठवलं, टिपणं कशी काढावीत. ओळीच्या ओळी अधोरेखित करू नका. नंतर काहीच सापडत नाही. पुस्तक स्वतःचं असेल तर शेवटच्या कोऱ्या पानावर, ग्रंथालयाचं असेल तर खुणेच्या कागदी पट्टीवर, पान क्रमांक आणि समोर दोन-तीन शब्द. तीनशे पानांच्या पुस्तकाला सहा ते दहा नोंदी पुरतात. त्यात किमान दोन नोंदी तुम्ही अडखळलात त्या जागांच्या हव्यात. पन्नासाव्या पानाच्या आसपास थांबून एक ओळ लिहा : आत्ता मला काय होईल असं वाटतंय. शेवट कळल्यावर आपली अपेक्षा आठवत नाही, सगळं आधीच माहीत होतं असं वाटू लागतं, आणि लेखिकेने तुम्हाला कुठे चकवलं ते लिहायचंच राहून जातं. अभिप्राय वाचून संपल्या संपल्या नको आणि महिन्याने तर नकोच. एक रात्र मध्ये जाऊ द्या. त्याच दिवशी लिहिलं तर शेवटच्या वीस पानांचाच अभिप्राय होतो.

एका पुस्तकाला अडीचशे-तीनशे शब्द ठेवा. त्यातले कथानकाला पन्नास-साठ, तेही पहिल्या एक-तृतीयांश भागापुरतेच. मलपृष्ठावरचा मजकूर उतरवू नका, तो विक्रीसाठी लिहिलेला असतो. उरलेल्या शब्दांत सांगा : गोष्ट कोण सांगतं, काळ सरळ जातो की मागेपुढे, संवाद किती, प्रकरणं केवढी, भाषा कुठल्या थरातली, आणि या निवडीमुळे काय साधलं, काय निसटलं. उतारा द्यायचा तर दोन-तीन वाक्यं, पुस्तकातून समोर बघून उतरवलेली, पान क्रमांकासह. आठवणीतून दिलेल्या अवतरणात विशेषण हमखास बदलतं. ई-पुस्तक वाचत असाल तर पान क्रमांक निरुपयोगी आहे, अक्षर मोठं केलं की पान सरकतं. प्रकरणाचा क्रमांक द्या. तारे द्यायचे तर द्या, पण पाचही पुस्तकांना चार-चार तारे म्हणजे काहीच न देणं.

पाच पुस्तकं एकाच मजकुरात बांधायला हरकत नाही. अडचण बांधण्याच्या दोरीची आहे. एक रहस्यकथा, एक कवितासंग्रह, एक ललितनिबंधांचं पुस्तक, दोन कादंबऱ्या, आणि दोरी एवढीच की लिहिणाऱ्या सगळ्या बायका. मग तुलना सुरू होते ती ‘दुसरी पहिलीपेक्षा जास्त परखड’ अशी. रहस्यकथा रहस्यकथेशी तोला. अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’वर, ती १९२६ ची असली तरी, आजही शेवट न फोडता लिहिता येतं : धागेदोरे वाचकासमोर प्रामाणिकपणे ठेवले होते का, हे पुन्हा वाचताना तपासा आणि सापडलेल्या जागा मोजा. त्या मोजणीत लेखिकेचं बाईपण कुठेही आड येत नाही.

‘स्त्रीच्या नजरेतून’ हे शब्द वापरण्याआधी अनुक्रमणिका बघा. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ला (१९६७) ‘स्त्रीच्या नजरेतून महाभारत’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. गांधारी, कुंती, द्रौपदी यांच्यावर त्यात लेख आहेतच. पण भीष्म, कर्ण, कृष्ण, द्रोण-अश्वत्थामा यांच्यावरही आहेत. लिहिणारी मानववंशशास्त्रज्ञ आहे. कुळं, नाती, वारसा, क्षत्रियांच्या रीती यांवर तिची पकड आहे, आणि भांडारकर संस्थेची संशोधित आवृत्ती समोर ठेवून ती कुठला प्रसंग मूळचा आणि कुठला मागाहून आलेला याचा हिशेब करते. वाचकाने भांडायचं तर या हिशेबाशी भांडावं. भीष्माबद्दलचा तिचा निष्कर्ष पटत नाही ना? मग कुठल्या पुराव्यावर तो उभा आहे ते सांगा आणि तो पुरावा हलवा. ‘युगान्त’वर अशा भांडणाला जागा आहे, आमच्या मते भरपूर आहे. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’चंही (१९५६) तेच. ‘काव्यमय’ म्हणून ते बाजूला ठेवता येतं, आणि चैत्रापासून महिन्यामहिन्याने जाताना झाडांच्या फुलण्या-फळण्याची नोंद किती बारीक आहे ते खिडकीबाहेर बघून ताडताही येतं. दुसरा मार्ग जास्त कष्टाचा आणि जास्त मजेचा.

अनुवादित पुस्तकावर लिहिताना ‘भाषा ओघवती आहे’ हे वाक्य कोणाबद्दल आहे ते ठरवा. ती भाषा अनुवादकाची आहे. आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिकाची रक्कम लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते; गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधि’साठी २०२२ साली डेझी रॉकवेल आणि बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांसाठी २०२५ साली दीपा भास्ती अशाच बरोबरीने मानकरी ठरल्या. अभिप्रायात मात्र अनुवादकाला निम्मी ओळही मिळत नाही.

मूळ भाषा येत नसली तरी अनुवाद थोडाफार तपासता येतो. सगळ्यात आधी ‘तू’ आणि ‘तुम्ही’ पाहा. इंग्रजीतून मराठीत येताना प्रत्येक नात्यासाठी ही निवड अनुवादकानेच केलेली असते. बायकोने नवऱ्याला ‘अहो’ आणि नवऱ्याने बायकोला ‘अगं’ म्हटलं की मूळ इंग्रजी संवादात नसलेली पायरी तिथे तयार होते, आणि वाचक लिहितो, ‘लेखिकेची नायिका फारच दबलेली वाटली’. नायिका कदाचित दबलेली नसेल, सर्वनामाने दाबली असेल. संवाद मोठ्याने वाचून बघा. कोणी असं बोलेल का? ‘केलं गेलं’, ‘दिलं गेलं’ची रांग लागली किंवा ‘जो की’ने वाक्यं लांबत गेली, तर इंग्रजी वाक्य खालून डोकावतं आहे. एकाच पात्राचं नाव दोन तऱ्हांनी छापलेलं असेल तर संपादन घाईत झालं आहे. हे सगळं अनुवादकाच्या आणि प्रकाशकाच्या नावावर मांडा, लेखिकेच्या नको.

जुन्या पुस्तकांबद्दल एवढंच, की ते कशाला उत्तर म्हणून लिहिलं होतं ते शोधा. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२) वाचून ‘सूर सतत चढा, मांडणी विस्कळीत’ असं वाटू शकतं. सुरतेतल्या एका विधवेवर बालहत्येचा खटला झाला, त्यानंतर ‘पुणेवैभव’मध्ये स्त्रियांबद्दल जे छापून आलं त्याला दिलेलं ते उत्तर आहे. भांडणातलं उत्तर भांडणासारखंच चालतं : समोरच्याचा एक आरोप घ्यायचा, त्याच्यावरच उलटवायचा, की पुढचा. तसं वाचलं की विस्कळीतपणातला क्रम दिसतो. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापेपर्यंत ते जवळपास विस्मरणात गेलं होतं; तुमच्या हातातल्या प्रतीची प्रस्तावनाही म्हणून वाचा, पण मजकूर वाचून झाल्यावर. आधी वाचलीत तर प्रस्तावनेचंच मत तुमच्या अभिप्रायात उतरेल.

आणि हो, न आवडलेल्या पुस्तकावरही लिहा. लेखिकांच्या पुस्तकांना हल्ली सांभाळून घेण्याची एक रीत आहे. तिने कोणाचंच भलं होत नाही. अर्धवट सोडलंत तर कुठल्या पानावर आणि का ते सांगा, त्या आधाराने दुसरा वाचक स्वतःचं ठरवतो. फक्त ‘नायिका आवडली नाही’ हे कारण पुरेसं समजू नका. पुरुष नायक लबाड, आप्पलपोटा, विक्षिप्त निघाला की आपण त्याला ‘गुंतागुंतीचा’ म्हणतो.

लिहिलेल्यात चूक निघाली तर गुपचूप बदलू नका. खाली तारीख घालून एका ओळीत दुरुस्ती द्या, कारण जुना मजकूर तोवर कोणीतरी उतरवून घेतलेला असतो.

कळावे,
आपले,
तुमचे अभिप्राय वाचणारे काही संपादक, ग्रंथपाल आणि अनुवादक